इथलं बोलणं इथेच

गेल्या महिन्यात माझ्या नातीने मला विचारलं, "आजी, पहिल्या दिवशी काय होतं गं? म्हणजे आत गेल्यावर?"

ती स्वतःसाठी काउन्सेलिंगला जायला लागणार होती. सगळ्या जगाला सांगून. तिच्या मैत्रिणींना माहीत, ऑफिसात माहीत, दूधवाल्याला सांगितलं नसेल तर नशीब. मला मोठी गंमत वाटली. मी इतकी वर्षं हेच काम केलं, पण घरातल्या कोणी मला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. घरच्यांना कुतूहल एवढंच, की लोकांची रडगाणी ऐकून आल्यावर हिला स्वयंपाक कसा सुचतो. सुचत नसे. म्हणून आमच्याकडे खिचडी फार.

तर नातीला जे सांगितलं तेच इथे लिहिते. नावं बदलली आहेत, आणि ज्यांची गोष्ट आहे त्यांना विचारून लिहिते आहे. हा धंदाच असा, की विचारल्याशिवाय तोंड उघडायची सोय नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आमचं केंद्र इथे, कानडी मुलखात, जयनगरात होतं. खाली शिंप्याचं दुकान, वर आम्ही. ही जागा ज्याने निवडली त्याचे उपकार मानायला हवेत. कारण जिना चढताना कोणी ओळखीचं भेटलं तर आमच्याकडे येणारे बेधडक सांगत, "ब्लाउज टाकायला आले होते." काहींना खोटं बोलल्याची इतकी टोचणी लागे की उतरताना खरंच ब्लाउज टाकून जात. शिंपी आमच्यावर खूश होता.

वर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सरोजक्का बसायची. फोन घेणं, नावं विचारणं, आलेल्या माणसाला "स्वल्प कूत्कोळ्ळी" म्हणून जरा बसवून घेणं आणि त्याच्या चेहऱ्याकडे अजिबात न बघणं, ही तिची कामं. शेवटचं काम सगळ्यात अवघड. आतल्या खोलीत दोन वेताच्या खुर्च्या, समोरासमोर नाही, जराशा तिरक्या. समोरासमोर बसवलं की माणसाला पोलीस चौकीत आल्यासारखं वाटतं. घड्याळ अशा जागी की मला दिसेल आणि त्यांना दिसणार नाही. पाण्याचा तांब्या, भांडं. आणि मी.

मी म्हणजे काय थाट होता! पुण्याहून लग्न करून इथे आलेली, पोरं मोठी झाल्यावर कोर्स करून 'समुपदेशक' झालेली. कडक इस्त्रीची हातमागाची साडी, रुपयाएवढं कुंकू, चष्मा साखळीला लावलेला. आरशासमोर उभी राहून मी 'हं' म्हणायचा सराव करायची. सहानुभूतीचा हं, समजल्याचा हं, 'आणखी सांगा'चा हं. घरीही थांबत नसे. आमचे हे एकदा कामावर जायच्या घाईत ओरडले, "अगं, मोजा कुठाय माझा?" मी हळूच म्हटलं, "मोजा सापडत नाही तेव्हा तुम्हाला नेमकं काय वाटतं?" ते म्हणाले, "मला वाटतं की मोजा सापडावा."

असो. पहिल्या दिवशी काय होतं ते सांगते.

पहिल्या दिवशी बहुतेक लोक दुसऱ्याला घेऊन येतात आणि म्हणतात, प्रॉब्लेम हिला आहे. किंवा याला. येताना डॉक्टरांच्या फायली आणतात, एक्स-रे आणतात, एका मावशींनी मुलाची पत्रिका आणली होती. "औषध नाही देणार? मग नुसतं बोलायचं? ते तर आम्ही घरी पण बोलतो." हे वाक्य ठरलेलं. मग समजावून सांगायचं, की औषधाची गरज वाटली तर डॉक्टरांकडे पाठवू. इथे आठवड्यातून एकदा यायचं, पन्नास मिनिटं बसायचं, मनात येईल ते बोलायचं. काही आलं नाही तर गप्प बसायचं, त्याचेही तेवढेच पैसे. सल्ला मिळणार नाही. सुरुवातीला बरं वाटण्याऐवजी वाईटच वाटेल, घाबरून पळून जाऊ नका. आणि माझ्याशी जमलं नाही तर सांगा, दुसरी आहे. मला राग येणार नाही. (यायचा. पण दाखवत नसे.)

आणि सगळ्यात महत्त्वाचं, इथे बोललेलं बाहेर जाणार नाही.

हे शेवटचं सांगताना माझ्या अंगात यायचं. साध्या मराठीत सांगून भागलं असतं, पण मी खुर्चीत ताठ होऊन, एक हात थोडा वर करून म्हणायची, "या कक्षातील संवाद संपूर्णतः गोपनीय राहील. येथील एकही शब्द या चार भिंतींच्या बाहेर जाता कामा नये." शपथविधी चालल्यासारखं.

असाच शपथविधी एका दुपारी चौगुलेकाका आणि त्यांची सून अश्विनी यांच्यासमोर झाला.

चौगुलेकाका मूळचे निपाणीकडचे. हवाई दलात विमानांची इंजिनं सांभाळून निवृत्त झालेले, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, येलहंक्याला घर बांधून राहिलेले. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली. एकुलता एक मुलगा अमोल, होसकोट्याच्या कारखान्यात इंजिनिअर. त्या पावसाळ्यात होसकोट्याच्या रस्त्यावर मोटरसायकलला ट्रकने उडवलं, आणि घरात सासरा आणि सून असे दोघंच उरले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. अश्विनी नागपूरची, येलहंक्याच्या एका शाळेत हिंदी शिकवायची. अमोल गेल्यापासून तीही शाळा बंद.

काका तिला दोन बस बदलून घेऊन आले होते. दाढी गुळगुळीत, बुटांना पॉलिश.

"मॅडम, पोरगी जेवत न्हाई. रविवारी तर ताटावर बसून रडती. तिला बरी करा."

अश्विनी खाली बघून म्हणाली, "मला काहीच नाही झालं. बाबांना वाटून राहिलं म्हणून आली मी."

मी माझं भाषण केलं. काकांनी ते मान न हलवता ऐकलं, उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ओके मॅडम. ऑर्डर क्लिअर आहे." आणि बाहेर सरोजक्कासमोरच्या बाकावर जाऊन बसले. मी मनात म्हटलं, वा, काय समजूतदार माणूस!

पहिले काही आठवडे अश्विनी बोललीच नाही. शिंप्याचं मशीन खालून खडखडायचं, ते आम्ही दोघी ऐकायचो. गप्प बसणं हे आमच्या कामातलं सगळ्यात जड काम आहे. समोरचं माणूस गप्प असलं की आपल्या जिभेवर मुंग्या येतात. मी तेव्हा मनातल्या मनात भाजीची यादी करायची आणि चेहरा मात्र अथांग ठेवायची. मग एक दिवस ती रडली, भरपूर रडली. "रडू नका" असं म्हणायचं नसतं. पाण्याचं भांडं जवळ सरकवायचं आणि थांबायचं. त्यानंतर ती बोलायला लागली. अमोल कसा शिट्टी वाजवत जिना चढायचा, तिचं कन्नड ऐकून कसा लोळून हसायचा, असलं सगळं.

आणि एक दिवस म्हणाली, "संक्रांतीनंतर दादा येणार आहे. मला नागपूरला न्यायला. कायमचं."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं? बाबांनाच मी नकोशी झाली असेल. सुरुवातीला आम्ही दोघं बोलायचो तरी. अमोलचं नाव निघायचं घरात. मी इथं यायला लागली तेव्हापासून बाबांनी बोलणंच टाकलं. मी अमोलचं काही काढलं की उठतात आणि रेडिओ लावतात. मोठ्याने. त्यांना राग आला असेल, मी घरचं बाहेर सांगून राहिली म्हणून. मग मी कशाला थांबू त्यांच्या छातीवर?"

"तुला जायचंय का?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मला काय ते कळलं.

पण मी पडले शिकलेली. मी लगेच काकांच्या रेडिओचा अर्थ लावला. दबलेला क्रोध! शोकाचा नकार! कोर्समध्ये शिकलेलं सगळं त्या बिचाऱ्या रेडिओवर चिकटवून मी समाधानाने घरी गेले.

पुढच्या आठवड्यात काका एकटेच आले.

"अश्विनीला ताप आहे मॅडम. तुमचा फोन लागंना. तुम्ही वाट बघत बसाल म्हणून सांगायला आलो."

तेवढ्यासाठी येलहंक्याहून जयनगर! मी म्हटलं, "आलाच आहात तर टेका जरा. कसे आहात तुम्ही?"

त्यांनी बाकाकडे बघितलं, मग आतल्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "आत बसू? अमोलचं बोलायचं तर आतच बसाय लागंल ना?"

"म्हणजे?"

"बाहेर बोलायचं न्हाई ना. ऑर्डर हाय."

"कुणाची ऑर्डर?"

"तुमचीच की! पहिल्या दिवशी न्हाई का तुम्ही असा हात करून सांगितलंसा? हितलं बोलणं हितंच. एक शब्द भाईर जाता कामा न्हाई." त्यांनी माझी नक्कल इतकी हुबेहूब केली की सरोजक्काने तोंडाला पदर लावला. "तवापासनं घरात मी अमोलचा अ काढला न्हाई. औषध चालू असताना पथ्य पाळायलाच लागतं. पोरीला कळत न्हाई, ती मधीच त्याचं काढती. मग मी रेडिओ लावतो. ट्रीटमेंट बिघडाय नको."

मी भिंतीला हात टेकला.

या माणसाने पोटच्या पोराचं नाव पथ्यासारखं वर्ज्य केलं होतं. आंबट नाही, तेलकट नाही, अमोल नाही. आणि त्या पथ्याने पोरगी बरी होईल म्हणून रोज संध्याकाळी मोठ्याने रेडिओ लावून एकटा बसत होता.

"काका," मी म्हटलं, आणि पहिल्यांदाच साध्या मराठीत म्हटलं, "तो नियम मला आहे हो. माझ्या तोंडाला कुलूप. तुमच्या नाही. तुम्ही घरात, बसमध्ये, बाजारात, कुठेही बोला."

ते बाकावर टेकले. "मग हे असं सोपं का न्हाई सांगितलंसा?"

"तेव्हा मला सोपं बोलता येत नव्हतं."

"आता कसं सुरू करू? इतके दिवस रेडिओ लावला. आता एकदम बंद करून काय म्हणू तिला?"

आता माझी पंचाईत बघा. संक्रांत तोंडावर आलेली. या बाकावर बसलेल्या माणसाला एक वाक्य सांगितलं असतं, की ती तुमच्या रेडिओमुळे घर सोडायला निघाली आहे, तर काम झालं असतं. पण ते वाक्य अश्विनीचं होतं, माझं नव्हे. जीभ दातांखाली धरून बसले. इतकंच म्हटलं, "तिची हरकत नसेल तर पुढच्या वेळी तुम्ही दोघंही आत या."

तिचा ताप उतरल्यावर तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "येऊ द्या. जायच्या आधी एकदा होऊन जाऊ दे काय ते."

तिसरी खुर्ची सरोजक्काची आणली. काका खुर्चीच्या कडेवर ताठ बसले, अश्विनी दुसऱ्या टोकाला. कोणी बोलेना. मीही बोलले नाही, आणि त्या दिवशी भाजीची यादीही सुचली नाही.

शेवटी काका घसा खाकरून म्हणाले, "काल बाजारात कारली चांगली दिसली. घिऊन ठेवलीत. अमोलच्या आवडीची."

अश्विनीने मान एकदम वर केली. कितीतरी दिवसांनी, घराबाहेर का होईना, ते नाव तिच्यासमोर त्यांच्या तोंडून निघालं होतं. तिचे खांदे हलायला लागले. मी पाण्याच्या भांड्याकडे हात नेला, तर बाई हसत होती!

"बाबा, त्याला कारलं नव्हतं आवडत."

"काय?"

"अजिबात नाही. आई गेल्यावर तुम्ही पहिल्यांदा भाजी केली ती कारल्याची. तो म्हणाला, छान झाली. मग तुम्ही दर रविवारी करायला लागले. सांगणार कसं तुम्हाला? लग्न झाल्यावर पहिल्या रविवारी त्याने मला आधीच बजावून ठेवलं होतं, की गिळ, वरून पाणी पी, तोंड वाकडं नको करू."

"म्हंजे तूबी?"

"मी पण."

"आणि आता रविवारी ताटावर बसून रडतीस ते?"

"अर्धं अमोलसाठी. अर्धं कारल्यासाठी."

काका माझ्याकडे बघायला लागले, जणू मी निकाल देणार होते. मग म्हणाले, "आयला. मला तरी कुठं आवडतंय ते? पोराला आवडतंय म्हणून करत होतो!" आणि ते हसायला लागले. हसता हसता चष्मा काढला, रुमाल काढला, आणि रुमालात तोंड घालून तो बुटांना पॉलिश केलेला माणूस हमसाहमशी रडला. मुलाला अग्नी देतानाही रडले नव्हते म्हणे. अश्विनीने आपली खुर्ची ओढून त्यांच्याजवळ नेली. पाण्याचं भांडं मी माझ्यासाठीच भरलं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाबा, दादा येणार आहे."

"माहीत हाय."

"मी जाऊ?"

काकांनी परत माझ्याकडे बघितलं. या क्षणाला आमच्या कामाची खरी परीक्षा असते. माझं पुण्याचं रक्त उसळ्या मारत होतं. 'अहो, नको म्हणा ना!' असं ओरडायला जीभ शिवशिवत होती. मी म्हटलं, "तिने तुम्हाला विचारलंय."

"तुझं वय काय, माझं वय काय," काका म्हणाले. "मी कुठल्या तोंडानं थांब म्हणू? लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं भाकरी थापायला सून ठेवून घेतली."

"लोकांचं नाही विचारून राहिली मी."

"रेडिओ मी कशासाठी लावत होतो, ते मॅडमना विचार."

"त्यांना नाही विचारत. तुम्हीच सांगा."

त्यांनी सांगितलं. ऑर्डर, पथ्य, सगळं. अश्विनीने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे असं काही बघितलं, की मला ते आजही आठवलं की चष्मा पुसावासा वाटतो.

"तू गेलीस," काका खाली बघून म्हणाले, "तर त्याचं बोलायला माणूस न्हाई मला. पण तेवढ्यासाठी तुला अडवणं बरोबर न्हाई."

"आणि मला कोण आहे तिथं? तिथं त्याचं नाव काढलं की आई विषय बदलते. म्हणते, विसर आता."

पुढे काय होणार तेवढ्यात सरोजक्काने दारावर टकटक केलं. पन्नास मिनिटं संपली होती, बाहेर पुढचं माणूस बसलं होतं. सिनेमात असं कधी होत नाही, आमच्याकडे रोज होतं. ऐन मोक्यावर टकटक. दोघं उठले, मला नमस्कार केला आणि काहीही न ठरवता जिना उतरून गेले.

घरी येऊन मी कुकर लावला. आमच्या ह्यांनी झाकणाखाली काय आहे ते न बघताच विचारलं, "आज कोण रडलं?" मी म्हटलं, "सांगता येत नाही." ते म्हणाले, "मग पापड तरी भाज."

संक्रांत झाली. अश्विनीच्या पुढच्या वेळेला मी तयार होऊन बसले, तर कोणी आलं नाही. आलं नाही म्हणून आपण उठून जायचं नसतं, ती वेळ त्यांची असते. मी रिकाम्या खुर्चीसमोर बसले. गेली नागपूरला, मी स्वतःला सांगितलं. भावाबरोबर गाडीत बसली असेल. तिचा निर्णय आहे. मान द्यायला हवा. मी आरशासमोर शिकलेला 'समजल्याचा हं' म्हणून पाहिला. त्याचा काही उपयोग झाला नाही.

वेळ संपत आली तेव्हा सरोजक्काने दार ढकललं. "अक्का, फोन. आ हुडुगी."

ती मुलगी! मी साडी सावरत धावले.

"मॅडम, अश्विनी बोलतेय. सॉरी, आज नाही जमलं यायला. स्टेशनवर आहो आम्ही, बूथवरून बोलून राहिली." मागे गोंगाट, कुठल्या तरी गाडीची घोषणा.

"गाडी किती वाजता आहे?"

"दादाची रात्री आहे. तो तिकडे सामानापाशी बसून चिडून राहिला माझ्यावर."

आता असं विचारायचं नसतं. उत्सुकता घरी ठेवून यायचं असतं, कोर्सच्या पहिल्याच दिवशी शिकवतात. मी विचारलं, "आणि तुझी?"

"माझं तिकीट रद्द करायला आलो ना आम्ही! मी म्हणत होती मी उभी राहते, पण बाबांनी रांगेत उभं राहू नाही दिलं. म्हणाले, हे काम माझं. पण मॅडम, घोटाळा झाला आहे इथं."

"काय झालं?"

"खिडकीवरच्या माणसाने सहज विचारलं, का रद्द करता म्हणून. तर बाबा त्याला अमोलचं सांगून राहिले. कन्नडमधून. अगदी लहानपणापासून सुरू केलंय. मागची सगळी रांग ओरडून राहिली. जाऊन थांबवू का त्यांना?"

"नको," मी म्हटलं. "ओरडू दे रांगेला."